सेट टॉप बॉक्सशिवाय एचडी टीव्ही : छत्री कुठे लागते, अँटेना कुठे चालतो

नागपूरच्या प्रतापनगरात राहणाऱ्या माझ्या मामांनी दिवाळीत नवा टीव्ही घेतला आणि त्याच आठवड्यात ऑनलाइन एक अँटेना मागवला. अँटेना कसला, काळ्या प्लास्टिकचा कागदासारखा पातळ चौकोन होता तो. खोक्यावर ‘एचडी’, ‘४के’ आणि ‘महिन्याचे बिल शून्य’ असे ठसठशीत छापलेले होते. मामांनी तो खिडकीच्या काचेवर चिकटवला, वायर टीव्हीच्या मागे खोचली आणि चॅनेल शोधायला लावले. पट्टी हळूहळू शंभर टक्क्यांपर्यंत सरकली आणि पडद्यावर आकडा आला : ०. त्यांनी अँटेना आधी पूर्वेच्या, मग पश्चिमेच्या खिडकीला लावून पाहिला. आकडा तोच राहिला. रात्री त्यांचा फोन आला. “अरे, अमेरिकेत तुझ्या मावसभावाकडे असल्याच अँटेनावर चाळीस चॅनेल दिसतात. मग आपल्याकडे काय बिघडलं?”

बिघडले काहीच नव्हते. अँटेना ठीक होता, टीव्हीही ठीक होता. मामा ज्या हवेतून चित्र पकडू पाहत होते त्या हवेत ते चित्र त्या रूपात नव्हते, एवढेच. केबलचे किंवा डीटीएचचे मासिक बिल पाहून हा प्रश्न हल्ली बऱ्याच घरांत निघतो. वाहिन्या पाहण्यापूर्वीच भरावे लागणारे ‘नेटवर्क शुल्क’ बरीच वर्षे जास्तीत जास्त १३० रुपये, म्हणजे १८ टक्के कर धरून १५३ रुपये ४० पैसे इतके बांधलेले होते. ती मर्यादा ‘ट्राय’ या नियामक संस्थेने जुलै २०२४ मध्ये काढून टाकली, तेव्हापासून हा हिशेब करणारे आणखी वाढले. बॉक्स काढून टाकता येतो का, या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असेच आहे. पण ते ‘हो’ नेमके कशाला लागू पडते हे समजून घेतले नाही, तर पैसे खिडकीच्या काचेला चिकटतात.

बॉक्सच्या पोटात काय असते

सेट टॉप बॉक्स तीन कामे करतो. कळमना बाजारात संत्र्यांचे ट्रक येतात तेव्हा कोणीतरी आपला ट्रक गर्दीतून ओळखून धक्क्याला लावून घेतो, कोणीतरी पेट्या फोडून माल मांडतो आणि कोणीतरी दाराशी पावती तपासतो. बॉक्सचेही तसेच आहे. असंख्य लहरींमधून हवी ती लहर वेगळी करणारा भाग म्हणजे ट्यूनर. दाबून भरलेले चित्र उलगडणारा भाग म्हणजे डीकोडर. आणि ग्राहकाने पैसे भरले आहेत की नाही हे पाहून चित्राचे कुलूप उघडणारी व्यवस्था हे तिसरे काम. ही तीन नावे लक्षात ठेवली की पुढचा सगळा गोंधळ सुटतो.

यांपैकी डीकोडर आजच्या प्रत्येक टीव्हीत असतोच. ट्यूनरही असतो, मात्र कोणत्या प्रकारचा, हे टीव्हीगणिक बदलते. कुलूप उघडण्याची किल्ली मात्र टीव्हीत नसते. ती केबल किंवा डीटीएच कंपनी आपल्या बॉक्समधून देते. म्हणून ‘बॉक्सशिवाय’ याचा खरा अर्थ एवढाच की, ज्या वाहिन्यांना कुलूप नाही त्या आपल्या टीव्हीच्या स्वतःच्या ट्यूनरने पकडायच्या. कुलूपबंद सशुल्क वाहिन्यांपर्यंत या वाटेने पोहोचता येत नाही, आणि ‘एकदाच पैसे भरा, सगळे चॅनेल जन्मभर फुकट’ असे सांगून जे विकले जाते ती सरळसरळ चोरी असते.

नागपूरकरांना बॉक्सशिवायचा काळ आठवत असेल. केबलवाला वायरची पिन थेट टीव्हीच्या पाठीत खुपसून जात असे आणि चित्र दिसत असे. केबलच्या डिजिटलीकरणाच्या दुसऱ्या टप्प्यात जी ३८ शहरे होती त्यांत नागपूर होते. ३१ मार्च २०१३ ही त्या टप्प्याची मुदत होती. तिच्यानंतर ती पिन बॉक्समध्ये गेली आणि बॉक्स घरोघर कायमचा बसला. पूर्वी बॉक्स लागत नव्हता, मग आताच का, या प्रश्नाचे उत्तर त्या तारखेत आहे : पूर्वी चित्राला कुलूपच नव्हते.

अमेरिकेतला अँटेना इथे मुका का होतो

मामांच्या भाच्याकडे चाळीस चॅनेल दिसतात ते खरे आहे. अमेरिकेत गावोगावच्या खाजगी वाहिन्या स्वतःच्या मनोऱ्यांवरून जमिनीलगतच्या लहरींनी प्रक्षेपण करतात. मोठ्या क्षमतेच्या केंद्रांनी १२ जून २००९ रोजी जुने अॅनालॉग प्रक्षेपण थांबवले आणि त्याच मनोऱ्यांवरून डिजिटल, त्यातही बरेचसे एचडी चित्र पाठवणे सुरू ठेवले. तिथला माणूस खिडकीत अँटेना लावतो तेव्हा पाच-पन्नास किलोमीटरवरच्या मनोऱ्यातून आलेले चित्र पकडत असतो. इंटरनेटवर जे व्हिडिओ आणि सल्ले फिरतात ते बहुतेक त्या व्यवस्थेचे असतात, आणि नेमके हेच त्यांत सांगितलेले नसते.

भारतात मनोऱ्यावरून टीव्हीचे प्रक्षेपण करण्याची मुभा खाजगी वाहिन्यांना कधी मिळालीच नाही. ते क्षेत्र एकट्या दूरदर्शनचे राहिले. दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी सुरू झालेले आणि २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईत पोहोचलेले दूरदर्शन पुढे मनोऱ्यांच्याच जोरावर देशभर पसरले. नागपूरचा सेमिनरी हिल्सवरचा टीव्ही टॉवर आजही रिक्षावाल्याला पत्ता सांगायच्या कामी येतो. ज्यांचे बालपण त्या टॉवरच्या टप्प्यात गेले त्यांना छतावर चढून अॅल्युमिनियमच्या काड्यांचा अँटेना फिरवणे, खालून कोणीतरी “आलं, आलं, थांब, गेलं!” असे ओरडणे आणि पडद्यावरच्या मुंग्या हे सगळे आठवेल. पण ते अॅनालॉग प्रक्षेपण होते. मोक्याच्या ठिकाणची सुमारे ५० प्रक्षेपण यंत्रे सोडून देशातली बाकी सगळी अॅनालॉग यंत्रे ३१ मार्च २०२२ पर्यंत बंद करण्याचे दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीने ठरवले. उपग्रहामुळे त्यांची गरज उरली नव्हती आणि विजेचा व देखभालीचा खर्च मात्र चालूच होता.

मनोऱ्यावरून डिजिटल प्रक्षेपण करण्याचा प्रयोग दूरदर्शननेही केला. त्यासाठी ‘डीव्हीबी-टी२’ ही युरोपीय पद्धत निवडली, अमेरिकेची ‘एटीएससी’ नव्हे. फेब्रुवारी २०१६ मध्ये ही सेवा देशातल्या १६ शहरांत जाहीर झाली, तेव्हा महाराष्ट्रातून त्या यादीत मुंबई आणि औरंगाबाद होते, नागपूर नव्हते. त्यामुळे नागपुरात खिडकीचा अँटेना विकत घेण्यापूर्वी एखाद्याकडून उसना आणून टीव्हीवर एकदा शोध घेऊन पाहावा. शून्य आले तर दुकानदाराशी भांडण्याचे कारण राहत नाही.

आणखी एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. ‘एचडी अँटेना’ नावाची वेगळी वस्तू नसते. अँटेना म्हणजे ठरावीक लांबीचा धातू. त्यातून वाहणारी लहर एचडी आहे की साधी, हे त्या धातूला कळत नाही, जसे नळाला पाणी गोरेवाडा तलावाचे की टँकरचे ते कळत नाही. आजोबांच्या काळातल्या काड्यांच्या अँटेनानेही डीव्हीबी-टी२ चे एचडी चित्र पकडता येते, फक्त लहरींचा पट्टा जुळला पाहिजे. खोक्यावरचे ‘४के’ हे छपाईचे काम आहे.

नागपुरातली खरी वाट : छत्री

आपल्याकडे कुलूप नसलेल्या वाहिन्या मनोऱ्यावर नाहीत. त्या उपग्रहावर आहेत. प्रसार भारतीची ‘डीडी फ्री डिश’ ही सेवा डिसेंबर २००४ मध्ये ‘डीडी डायरेक्ट प्लस’ या नावाने सुरू झाली. तिला मासिक शुल्क नाही. छत्री, म्हणजे गच्चीवरची डिश, आणि ग्रहण करणारे यंत्र एकदा घेतले की झाले. सध्या ती ‘जीसॅट-१५’ या उपग्रहावरून येते. नोव्हेंबर २०१५ मध्ये फ्रेंच गयानातल्या कुरू येथून सोडलेला हा उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,७८६ किलोमीटरवर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, जमिनीवरून पाहणाऱ्याला जागच्या जागी थांबल्यासारखा असतो.

नागपूर ७९ अंश पूर्व रेखांशाच्या आसपास आहे. म्हणजे उपग्रह आपल्या पूर्वेकडच्या आणि बऱ्याच दक्षिणेकडच्या आकाशात पडतो. गणित केले तर दिशा उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने सुमारे १४५ अंश, म्हणजे जवळपास आग्नेय, आणि क्षितिजापासून उंची सुमारे ६० अंश येते. ही उंची आपल्या भाग्याची समजावी. समोरच्या तीनमजली इमारतीमुळे अडचण सहसा येत नाही. अडचण येते ती अंगणातल्या कडुनिंबाची किंवा आंब्याची फांदी नेमकी आग्नेयेला वर आलेली असते तेव्हा. उन्हाळ्यात छत्री लावली आणि जुलैत पालवी दाट झाल्यावर चित्र तुटू लागले, असे झाले तर दोष फांदीचा असतो.

छत्रीकडे नुसते पाहून ती कुठे रोखली आहे ते ओळखता येत नाही, हे इथे सांगायला हवे. घरगुती छत्रीची बनावट तिरपी असते. तिच्यासमोरच्या दांड्यावरचा लहरी पकडणारा गोळा, म्हणजे एलएनबी, मध्यावर नसून खालच्या कडेशी असतो, आणि त्यामुळे तवा जेवढा वर झुकलेला दिसतो त्यापेक्षा वीस-पंचवीस अंश अधिक वरचे आकाश तो पाहत असतो. ज्यांनी स्वतः छत्री लावायचा प्रयत्न केला आहे ते सगळे पहिल्यांदा तवा साठ अंशांवर ठेवून फसलेले असतात. मीही फसलो होतो. एप्रिलच्या दुपारी गच्चीवर दीड तास गेला आणि हाताला लोखंडी दांड्याचा चटका बसला तो वेगळाच.

टीव्हीत कोणता ट्यूनर आहे, हाच निर्णायक प्रश्न

छत्री आली म्हणजे बॉक्स गेला असे नाही. एलएनबीतून येणारी वायर थेट टीव्हीत खोचायची असेल तर टीव्हीत उपग्रहाचा ट्यूनर हवा. माहितीपत्रकात ‘ट्यूनर’ या शब्दापुढे ‘डीव्हीबी-टी२’, ‘डीव्हीबी-सी’, ‘डीव्हीबी-एस२’ अशी अक्षरे असतात. त्यांतला ‘टी’ जमिनीवरच्या मनोऱ्यासाठी, ‘सी’ केबलसाठी आणि ‘एस’ उपग्रहासाठी. आपल्याला हवा तो ‘एस२’. तो नसेल तर टीव्ही कितीही महाग असला तरी वेगळे यंत्र लागेलच. माहितीपत्रक मिळाले नाही तर टीव्हीच्या पाठीकडे पाहावे : उपग्रहाच्या वायरीसाठी आटे असलेली गोल पितळी खुंटी असते, तिच्यावर पिन फिरवून बसते. साध्या अँटेनाची खुंटी बिनआट्याची असू शकते.

या बाबतीत सरकारनेही पाऊल उचलले आहे. भारतीय मानक ब्युरोने उपग्रहाचा ट्यूनर अंगभूत असलेल्या टीव्हीसाठी ‘आयएस १८११२:२०२२’ हे मानक तयार केले आणि जानेवारी २०२३ मध्ये ते जाहीर झाले. छतावर एलएनबीसह छत्री लावून वायर टीव्हीला जोडली की कुलूप नसलेल्या वाहिन्या आणि रेडिओ वेगळ्या बॉक्सशिवाय मिळाव्यात, असा त्याचा उद्देश. मात्र मानक असणे आणि सक्ती असणे या दोन गोष्टी आहेत. सीताबर्डीच्या दुकानात रांगेने लावलेल्या दहा टीव्हींपैकी प्रत्येकात तो ट्यूनर असेल असे गृहीत धरू नये. विक्रेता “सगळं चालतं साहेब” म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर मोबाइलवरचे ॲप असते.

ट्यूनरला आणखी एक काम करावे लागते, ते फारसे कोणी सांगत नाही. छतावरच्या एलएनबीला वीज टीव्हीकडूनच, त्याच वायरीतून जाते. ट्यूनर १३ व्होल्ट पाठवतो तेव्हा एलएनबी उभ्या लहरी पकडतो आणि १८ व्होल्ट पाठवतो तेव्हा आडव्या. टीव्हीच्या सेटिंगमध्ये एलएनबीचा वीजपुरवठा बंद राहिला तर सगळे जागेवर असूनही पडद्यावर शून्यच येते. मामांच्या घरी पुढच्या महिन्यात छत्री लागली तेव्हा कारागीर तासभर तवा हलवत होता. खोट या एका पर्यायात निघाली.

एवढे करून चित्र एचडी दिसेल का?

इथे थोडी निराशा आहे आणि ती आधीच सांगितलेली बरी. साध्या, म्हणजे एसडी चित्रात आपल्याकडे आडवे ७२० आणि उभे ५७६ ठिपके असतात, एकूण ४,१४,७२०. पूर्ण एचडी चित्रात १,९२० गुणिले १,०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपके असतात. भागून पाहिले तर बरोबर पाचपट. एवढे ठिपके पाठवायचे तर उपग्रहावर जागाही जास्त लागते, आणि जागा ठरलेली असते. कळमन्याचा ट्रक पुन्हा घेतला तर ट्रक तेवढाच आहे. त्यात लहान पेट्या भरायच्या की मोठ्या, हे पाठवणाऱ्याने ठरवायचे. फ्री डिशवर जास्तीत जास्त वाहिन्या बसाव्यात असा कल असल्याने बहुतेक वाहिन्या एसडीत आहेत आणि एचडीत दिसतात त्या मुख्यतः दूरदर्शनच्याच काही.

पेटी बांधायची रीतही महत्त्वाची आहे. सेवा सुरू झाली तेव्हा चित्र दाबायची ‘एमपेग-२’ ही पद्धत होती. २००३ साली प्रमाणित झालेली ‘एमपेग-४’ ची नवी पद्धत तेच चित्र साधारण निम्म्या जागेत बसवते, म्हणून एचडी वाहिन्या तिच्यातून येतात. ज्यांच्याकडे दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा फ्री डिशचा बॉक्स आहे त्यांना या वाहिन्या दिसत नाहीत, आणि ते म्हणतात की फ्री डिशवर एचडी नसतेच. नव्या टीव्हीचा अंगभूत ट्यूनर दोन्ही पद्धती उलगडतो. बॉक्स गेल्याने चित्र सुधारते ते या कारणाने. वायर लहान झाली म्हणून नव्हे. जुना बॉक्स टीव्हीला लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांनी जोडलेला असेल तर त्या पिवळ्या पिनेतून एचडी जाऊच शकत नाही, हेही कित्येक घरांतल्या पुसट चित्राचे साधे कारण आहे.

एसडी वाहिनी मोठ्या पडद्यावर ताणली जाते तेव्हा माणसे बुटकी आणि रुंद दिसू लागतात. रिमोटवरून चित्राचे प्रमाण ४:३ करून दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येऊ द्याव्यात. वृत्तनिवेदिकेचा चेहरा पूर्ववत होतो.

“मग आमच्या मालिका आणि गावच्या बातम्या?”

हा आक्षेप रास्त आहे. मोठ्या खाजगी समूहांच्या मुख्य मराठी मनोरंजन वाहिन्या सशुल्क आहेत; त्यांच्यासाठी केबल, डीटीएच किंवा इंटरनेटवरील वर्गणी यांपैकी काहीतरी ठेवावे लागेल. रात्री साडेआठची मालिका हाच ज्या घरचा टीव्ही आहे, त्या घराने बॉक्स काढू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

गावच्या बातम्यांचे आणखी वेगळे. महापालिकेची सभा, महाल भागातली मिरवणूक, प्रभागातले पाणी दाखवणाऱ्या ज्या शहरी वाहिन्या आहेत त्या केबलचालकांच्या जाळ्यावरच चालतात. त्या उपग्रहावर जात नाहीत, त्यामुळे छत्रीने मिळत नाहीत. छत्रीवर ‘स्थानिक’ म्हणजे राज्याची सह्याद्री वाहिनी, एवढाच अर्थ धरावा.

“मॅच दिसेल का?”

हा प्रश्न मामांनी सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात गंभीरपणे विचारला. २००७ च्या एका कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या क्रीडास्पर्धांचे थेट चित्र हक्क घेणाऱ्या वाहिनीने प्रसार भारतीला द्यावे लागते. भारतीय पुरुष संघाचे एकदिवसीय आणि ट्वेन्टी-२० सामने त्यात मोडतात. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०१७ रोजी स्पष्ट केले की हे चित्र दूरदर्शनने स्वतःच्या मनोऱ्यांवर आणि स्वतःच्या डीटीएचवरच दाखवायचे, खाजगी केबल-डीटीएचवरून नाही. म्हणूनच केबलच्या बॉक्सवर दूरदर्शनच्या वाहिनीवर सामन्याच्या वेळी भलतेच काहीतरी चालू असते आणि शेजारच्या फ्री डिशवर सामना दिसतो. बॉक्स काढून फायदा होणारी ही दुर्मीळ जागा आहे. आयपीएल या तरतुदीत येत नाही.

“इंटरनेट असताना छत्री कशाला?”

ज्याच्याकडे घरी चांगले वायफाय आहे त्याला खरोखरच छत्रीची गरज कमी आहे. प्रसार भारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘वेव्हज’ हे ॲप सुरू केले आहे, त्यावर दूरदर्शनच्या वाहिन्या दिसतात. पण मोबाइलच्या डेटावर चालवायचे असेल तर हिशेब करावा : सेकंदाला ५ मेगाबिट या वेगाने एचडी चित्र आले तर तासाला सव्वादोन जीबी जातात. शिवाय उपग्रहाकडे जाऊन परत यायला लहरीला पाव सेकंद लागतो, तर इंटरनेटवरचे थेट चित्र कित्येक सेकंद मागे असते. जामठ्यात सामना असेल आणि खालच्या मजल्यावर छत्री असेल, तर विकेट पडल्याचे तुम्हाला त्यांच्या आरडाओरड्यातून आधी कळते.

एक छत्री, अनेक घरे

फ्लॅटमध्ये प्रत्येकाने वेगळी छत्री लावण्याची गरज नाही, पण साध्या एलएनबीची वायर दोन घरांत फोडून चालत नाही. एका घरचा ट्यूनर १३ व्होल्ट मागतो आणि दुसऱ्याचा १८. एकाने चॅनेल बदलले की दुसऱ्याचे चित्र जाते आणि सोसायटीच्या गटावर वाद सुरू होतो. दोन किंवा चार स्वतंत्र तोंडांचा एलएनबी मिळतो, तो घ्यावा आणि प्रत्येक घराला वेगळी वायर ओढावी. गच्चीवर जुन्या डीटीएचची, आपल्या मालकीची छत्री गंजत पडली असेल तर तीही चालते; तवा हा तवाच असतो, तो फक्त ९३.५ अंशांच्या उपग्रहाकडे वळवावा लागतो.

पावसाळ्यातले चित्र

या लहरी इतक्या आखूड असतात की धो-धो पावसाचे थेंब त्या शोषून घेतात. डिजिटल चित्राला मुंग्या येत नाहीत. ते असते किंवा नसते, मध्ये थोडा वेळ चौकोन फुटतात इतकेच. जूनच्या पहिल्या वळवात दहा-पंधरा मिनिटे चित्र गेले तर टीव्हीवर पुन्हा चॅनेल शोधायला लावू नये, कारण त्या क्षणी काहीच सापडत नाही आणि आधीची यादीही पुसली जाऊ शकते. पाऊस उघडल्यावरही चित्र परतले नाही, तर एलएनबीजवळची पिन उघडून पाहावी. आपल्याकडच्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हात वायरीचे वेष्टन तडकते, त्या फटीतून पाणी शिरते आणि आतली तांब्याची तार हिरवी पडते. तेवढा हातभर तुकडा कापून नवी पिन बसवली की काम होते. वादळाने तवाच हलला असेल तर मात्र पुन्हा कारागीर बोलवावा लागतो. मामांनी यावर तोड काढली आहे : छत्री नीट लागलेली असतानाच त्यांनी दांड्यावर आणि पकडीवर मिळून ऑइलपेंटची एक लाल रेघ ओढून ठेवली, आणि आता वारा सुटून गेला की ते वर जाऊन रेघेला रेघ जुळवतात.